रिकॉलचा फोन आला तर गाडी नेऊ नका? नक्की न्या!

ठाण्यातल्या कासारवडवलीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज चौथ्यांदा फिरून आला: "रिकॉलचा फोन आला तर गाडी नेऊ नका. चांगली गाडी खोलतात आणि बिल लावतात. नीट चालते म्हणजे फ्युएल पंप ठीक आहे. रिकॉल झालेली गाडी पुढे कोणी विकतही घेत नाही." खाली सात अंगठे. रिकॉल म्हणजे सदोष पार्ट बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावणं.

बिलाचं लगेच संपतं. रिकॉलमधला पार्ट फुकट, मजुरीही फुकट. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सरकार कंपनीला सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं. त्याच खेपेला कोणी तुमच्या गळ्यात बॉडीवरचं जादा कोटिंग मारलं, तर ते तुम्ही 'हो' म्हणालात म्हणून. (मी म्हणालो होतो. असो.)

"नीट चालते" हे मात्र घातक आहे. पेट्रोल गाडीचा फ्युएल पंप, म्हणजे इंजिनाला पेट्रोल पाठवणारा पंप, टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्यात पेट्रोल ढकलणारं प्लॅस्टिकचं छोटं चक्र असतं. ते सदोष असेल तर फुगतं, कवचाला घासतं आणि एक दिवस अडकतं, की इंजिनाचं पेट्रोल बंद. तोवर गाडी बहुतेकदा छानच चालते! होंडाने २०१७-१८ मध्ये बनलेल्या ९० हजारांहून जास्त गाड्या अशाच पंपासाठी थेट २०२४ मध्ये बोलावल्या. मधली सहा-सात वर्षं त्यांतल्या कित्येक नीटच चालत होत्या. आता गायमुखच्या चढावर, मागे ट्रेलर असताना इंजिन बंद पडलं असं समजा. ब्रेकला मिळणारा जोर एक-दोनदा दाबेपर्यंतच पुरतो, नंतर पेडल दगड होतं.

विक्रीचं तर उलटंच आहे. शहाणा गिऱ्हाईक चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघतो आणि काम बाकी दिसलं की भाव पाडतो. सेकंड हँड गाडीवाल्यांनी तर स्वतःहून बघावंच, कारण कंपनीचा फोन बऱ्याचदा पहिल्या मालकाला जातो. आमच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन डोंबिवलीला जात होता.

मेसेजवाल्यांची एक चीड मला मान्य आहे: बोलावतात आणि पार्ट आलेला नसतो. म्हणून निघण्याआधी फोन करून पार्ट आलाय का विचारा, नाहीतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस फुकट.

मारुतीने जुलै २०२० मध्ये पंपासाठी १,३४,८८५ गाड्या बोलावल्या, त्यात २०१९ च्या पेट्रोल बलेनोही होत्या. मेसेज टाकणारे काका, तुमची बलेनो त्याच वर्षाची ना? संध्याकाळी आरसी घेऊन खाली या, नंबर टाकून बघू.