'तिसरी व्यक्ती' म्हणजे नेहमी शेजारी नसतो

'आयकर विवरणपत्र ही करदाता आणि खातं यांच्यातली बाब, तिसऱ्याचा तिथे संबंधच नाही', हे माहिती अधिकारात दुसऱ्याचं विवरणपत्र मागण्याविषयीच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. चौकस शेजाऱ्यापुरतं ते खरं आहे. गिरीश देशपांडे या माहिती अधिकार अर्जदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये विवरणपत्राला वैयक्तिक माहिती ठरवलं, पण व्यापक जनहिताचा अपवाद ठेवूनच. आणि पोटगी मागणारी बायको तिसरी कशी? माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने कोर्टात महिना बारा हजार उत्पन्न दाखवलं. दारात मात्र नवी गाडी. तिने माहिती अधिकारात फक्त एकूण उत्पन्नाचा आकडा मागितला; पॅन नको, बँक खातं नको. उत्तर आलं, 'त्रयस्थ व्यक्तीची माहिती, नाकारण्यात येत आहे.' अपिलात दीड वर्ष गेलं. तोवर दोन मुलांची फी आमच्या आईच्या पेन्शनमधून भरली.

पोटगीच्या वादात नवऱ्याच्या पगाराचा तपशील खासगी म्हणता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2018 मध्येच म्हटलंय. 2020 पासून दोन्ही बाजूंना उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं हे मान्य, पण ते लिहिणार तोच ना! पडताळायला दुसरा कागद कुठून आणायचा? त्यात 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मधला, म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारण्याच्या कलमातला, जनहिताचा अपवादच काढून टाकला. कलम 8(2) शिल्लक आहे, तिथे जनहित अजून तोलता येतं. लेखात त्याचा उल्लेखही नाही, आणि माझ्या बहिणीसारख्यांना नेमकं तेच कलम सांगायला हवं होतं.