दहावी त्याची, एमबीए माझं

आमच्या घरात यंदा दोन विद्यार्थी आहेत. एक दहावीत आणि एक एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला. दहावीच्या विद्यार्थ्यासाठी केबल बंद झाली, दिवाळीत कुठे जायचं नाही असं ठरलं, पाहुण्यांना फोनवरच 'आता मार्चनंतर या' असं कळवण्यात आलं, आणि रोज रात्री बदाम भिजत घालून सकाळी सोलून वाटीत ठेवले जातात. ते बदाम जी सोलते, ती एमबीएची विद्यार्थिनी.

मी त्रेचाळीस वर्षांची. राहायला डोंबिवलीत, नोकरी फोर्टातल्या एका कंपनीत, अकाउंट्सला. बी.कॉम. होऊन जमाना झाला आणि इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. मग प्रमोशनच्या निकषांत 'पदव्युत्तर पदवी' अशी एक ओळ आली आणि माझ्याच हाताखाली जर्नल एंट्री शिकलेला पोरगा माझा साहेब झाला. तो अजूनही मला मॅडम म्हणतो. मॅडम म्हणत म्हणतच रजा नाकारतो.

त्या तिरमिरीत एका विद्यापीठाच्या साइटवर फक्त फी बघावी म्हणून मोबाईल नंबर टाकला. झालं. तासाभरात एका मुलीचा फोन. "मॅडम, स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच आहे हं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचाच फोन, पुन्हा आज रात्री बारापर्यंतच. त्या आठवड्यात 'मॅडम, जेवलात का?' असं विचारणारं मला ती सोडून दुसरं कुणी भेटलं नाही. माझ्या करिअरची काळजी माझ्या आईवडिलांनीही एवढी केली नव्हती. ज्या संध्याकाळी फी भरली, त्या संध्याकाळपासून तिचा फोन लागत नाही.

अ‍ॅडमिशनची खरी गंमत कागदपत्रांत. अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे अभ्यासाचे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा, बारा आकडी नंबर काढा, डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा डेब आयडी काढा, सगळीकडे नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि पॅनवर मधलं नाव गळालेलं. पोर्टलच्या हिशेबी या तीन वेगवेगळ्या बायका होत्या आणि त्यांतली एकही एमबीए करायला पात्र नव्हती. शेवटी लग्नाचा दाखला जोडायचं ठरलं. तो म्हणे दोनशे केबीच्या आत हवा. अठरा वर्षांचं लग्न दोनशे केबीत बसवताना सगळ्यात आधी नवऱ्याची सही पुसट झाली, मग साक्षीदार गेले. माझं माहेरचं नाव तेवढं ठळक राहिलं. ते बघून नवरा काही बोलला नाही, पण त्या रात्री जेवताना जरा गप्पच होता.

नातेवाइकांत बातमी फुटली. नवऱ्याच्या आत्या म्हणाल्या, "बाहेरून करतेस का?" म्हटलं, बाहेरून नाही, ऑनलाइन. "म्हणजे खरी डिग्री मिळते का गं?" आता काय सांगणार! यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२० च्या नियमावलीत लिहिलंय, २०२२ मध्ये पुन्हा वेगळं पत्रक काढून सांगितलंय, की मान्यता असलेल्या संस्थेची ऑनलाइन पदवी आणि कॉलेजात जाऊन घेतलेली पदवी एकाच तोलाची. हे मी आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण युनिफॉर्म नाही ना?" एमबीएला कुठेच युनिफॉर्म नसतो हे पटवण्यात उरलेला फोन संपला.

पहिल्या आठवड्यात मी एक गणित केलं, ते करायला नको होतं. माझा कोर्स ८० क्रेडिटचा. एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास, लेक्चर ऐकणं, वाचणं, असाइनमेंट सगळं धरून. ८० गुणिले ३० म्हणजे २४०० तास. दोन वर्षांचे दिवस ७३०. म्हणजे रोज सव्वातीन तासांहून थोडं जास्तच. गणपती, दिवाळी, वर्षअखेरची क्लोजिंग, मोठ्या नणंदेच्या मुलीचं लग्न, कशालाही सुट्टी न धरता. हा कागद नवऱ्याला दाखवला. तो इंजिनिअर आहे, आकड्यांना मान देतो. त्याने नीट बघितला, गुणाकार तपासला, "बरोबर आहे," म्हणाला आणि चहा टाकतेस का म्हणून विचारलं.

सव्वातीन तासांपैकी जाऊन येऊन दोन तास लोकलमध्ये निघतात, असं कागदावर दिसतं. लोकलमध्ये प्रत्यक्षात काय निघतं ते डोंबिवलीकराला सांगायला नको. सकाळची फास्ट डोंबिवलीला येते तीच भरून. बायकांच्या डब्यात चौथी सीट मिळाली, म्हणजे अर्धा देह बाकावर आणि अर्धा पॅसेजमध्ये, की मी एका कानात इअरफोन घालते. दोन्ही कानांत घालत नाही. स्टेशन आणि भांडणं कळली पाहिजेत. समोरची मेथी निवडत असते, बाजूची पोथी वाचत असते आणि मी लेक्चर दीडपट वेगाने ऐकत असते. मुंब्र्याला नेटवर्क जातं तेव्हा मेथी निवडायला हात लावते. फायनान्शियल मॅनेजमेंट हा विषय माझ्या डोक्यात आजही मेथीच्या वासासकट आहे.

दीडपट वेगाचा एक तोटा आहे. ज्या सरांचं लेक्चर सेमिस्टरभर दीडपट ऐकलं, ते एका रविवारी लाइव्ह आले. बोलता बोलता मधेच थांबत होते, श्वास घेत होते, एकेक शब्द जड जड येत होता. मी घाबरून बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "सरांना बरं नाहीये का?" तिघा-चौघांनी उत्तर दिलं, "मलापण तसंच वाटतंय." सर ठणठणीत होते. ते तसेच बोलतात.

बॅचमध्ये कोण कोण आहे! कोल्हापूरकडची नर्स आहे, रात्रपाळी संपवून लेक्चरला बसते. एक फौजी आहे, त्याला रेंज मिळेल तेव्हा तो पाच दिवसांचे सगळे प्रश्न एकदम विचारतो. एक सद्गृहस्थ दोन वर्षांत फक्त 'गुड मॉर्निंग' आणि 'आयएमपी प्रश्न पाठवा' एवढंच लिहीत आले आहेत. याशिवाय चर्चेसाठी अधिकृत मंच आहे. ऑनलाइन कोर्सचे चार भाग नियमानेच ठरवून दिलेत: व्हिडिओ, वाचनाचं साहित्य, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि चर्चा. चर्चेत भाग घेतल्याची नोंद राहते म्हणून सगळे भाग घेतात. एकाने लिहायचं, 'ग्राहक हा राजा आहे.' त्याखाली चाळीस जणांनी लिहायचं, 'अगदी योग्य मुद्दा मांडलात सर.' याला पीअर लर्निंग, म्हणजे एकमेकांकडून शिकणं, म्हणतात.

खरं पीअर लर्निंग माईक चुकून चालू राहतो तेव्हा होतं. मागणीची लवचिकता शिकवत होते. किंमत वाढली की मागणी किती घटते, पर्यायी वस्तू असली तर कशी चटकन घटते, असं सगळं आलेख काढून चाललं होतं. सर हळू, आलेख त्याहून हळू. तेवढ्यात कुणाच्या तरी घरून खणखणीत आवाज आला, "पापलेटची जोडी आठशेला? काय सोनं घातलंय का गं त्यात?" आणि दोन सेकंदांनी, "नको मग. बोंबीलच दे." सरांनी 'कृपया सर्वांनी म्यूट करा' म्हणून तो आवाज घालवला आणि चहा व कॉफीचं उदाहरण घेतलं. मला तरी वाटतं, त्यांनी त्या बाईंनाच पुढचा अर्धा तास द्यायला हवा होता.

पाठ्यपुस्तकांचं एक वेगळंच जग असतं. मॅस्लो नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या गरजांचा सिद्धांत मांडला १९४३ मध्ये. अन्न आणि झोप तळाला, आत्माविष्कार वर टोकाला. तो प्रसिद्ध त्रिकोण त्याने स्वतः काढलाच नव्हता, नंतरच्या लोकांनी काढून त्याच्या नावावर चढवला. पण असाइनमेंटमध्ये त्रिकोण नसला तर मार्क जातात. मी रात्री साडेबाराला टोकावरचा आत्माविष्कार रंगवत होते आणि तळमजल्यावरच्या झोपेचा पत्ता नव्हता.

मग आली डबेवाल्यांची केस स्टडी. मुंबईचा डबेवाला, सुरुवात १८९० च्या सुमारास, हार्वर्ड बिझनेस स्कूलने अभ्यास केलेला. व्हिडिओत एक परदेशी प्राध्यापक डोळे विस्फारून सांगत होता की हे लोक बारकोड, संगणक काही वापरत नाहीत. हे मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघत होते आणि शेजारच्या टेबलावर आमच्या साहेबाचा डबा नुकताच येऊन पडला होता. उचलून बघितला. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे. डबा कुठल्या स्टेशनातून निघाला, कुठल्या भागात उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, एवढं सगळं चार बोटं जागेत. रंग जुना झाला की त्यावरच पुन्हा गिरवलेला, म्हणून आकड्यांना दोन दोन कडा आलेल्या. इतकी वर्षं हा डबा माझ्या टेबलावरून जातोय आणि मी कधी नीट पाहिला नव्हता.

रिकामा डबा न्यायला काका आले तेव्हा मी वही-पेन घेऊन उभी. म्हटलं, "काका, तुमच्या सप्लाय चेनबद्दल थोडं विचारायचं होतं. मी एमबीए करतेय."

"कोण साहेबांचा डबा का?" काका म्हणाले. "झाकण नीट लावलं नाही ताई. आमटी सांडते मग सगळ्यांवर."

झाकण लावून देईपर्यंत काका लिफ्टपाशी पोचले होते. असाइनमेंटमध्ये मी 'वेळेचे काटेकोर व्यवस्थापन' असं लिहिलं. दहापैकी सात मिळाले.

हे सगळं चालेल. दगदग सगळ्यांनाच असते. माझं खरं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे अभ्यास हा दिसावा लागतो. टेबल, दिवा, उघडं पुस्तक, त्यावर वाकलेली मान. चिरंजीव पुस्तक उघडून त्यावर डोकं ठेवून घोरत असले तरी सासूबाई पाय न वाजवता जातात, "दमलं गं पोरगं." मी त्याच सोफ्यावर मोबाईलवर कॉस्ट ऑफ कॅपिटल बघत असले की त्याच सासूबाई म्हणतात, "अगं, सारखं सारखं काय त्या मोबाईलमध्ये? डोळे जातील." नवरा येताजाता स्क्रीनवर डोकावून म्हणतो, "रिकामी आहेस ना? तेवढं लाइटबिल भरून टाक." हातातल्या मोबाईलवर दोन्ही होतं हा त्याचा युक्तिवाद, आणि तो बिनतोड आहे.

यावर मी उपाय केला. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दुसऱ्या सेमिस्टरचं सगळं साहित्य छापून, स्पायरल बाइंडिंग करून आणलं. जाडजूड, पिवळं कव्हर, वर माझं नाव. ते बाड मांडीवर उघडं ठेवायचं, हातात लाल पेन घ्यायचं आणि त्याच्या आड मोबाईलवरच लेक्चर बघायचं. काय फरक पडला! "हळू बोल रे, आई वाचतेय." एकदा तर सासूबाईंनी न मागता चहा आणून दिला. हे सुख जेमतेम पंधरवडा टिकलं. एका सकाळी बाड जागेवर नाही. शोधलं तर नवऱ्याच्या लॅपटॉपखाली. मीटिंगमध्ये कॅमेरा चेहऱ्याच्या रेषेत यावा म्हणून त्याला तेवढीच उंची हवी होती.

आणि मग परीक्षा. घरबसल्या परीक्षा म्हणजे किती सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा देऊन बघावी. समोर कॅमेरा आणि एक सॉफ्टवेअर. नजर वळली, ओठ हलले, आवाज आला, दुसरं माणूस दिसलं की वॉर्निंग, आणि चौथ्या वॉर्निंगला पेपर आपोआप सबमिट. घरात माझ्या अभ्यासाची कुणी दखल घेत नाही अशी माझी तक्रार होती. या सॉफ्टवेअरने एवढी दखल घेतली की मला चोर ठरवून टाकलं.

आधी लॅपटॉप फिरवून अख्खी खोली दाखवायची. दोरीवरचे वाळत घातलेले कपडे आधीच हलवले होते. तरी चॅटमध्ये पलीकडच्या पर्यवेक्षकाचा मेसेज आला, भिंतीवरचा लिखित मजकूर हटवा. मजकूर म्हणजे कालनिर्णय. त्यावर दुधाच्या खाड्यांच्या फुल्या होत्या. काढलं. मग लाल अक्षरांत आलं, 'दुसरी व्यक्ती आढळली.' खोलीत मी एकटी. दाराला कडी. मागे वळून बघितलं तर कपाटाच्या वर स्वामी समर्थांची तसबीर. 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' असं खाली लिहिलेलं, आणि सॉफ्टवेअरचा आक्षेप नेमका पाठीशी असण्यालाच. दार उघडून सासूबाईंना हाक मारली. त्यांनी नमस्कार केला, "दोन तासांचा प्रश्न आहे महाराज," म्हणाल्या आणि तसबीर पदराने पुसत बाहेर नेली.

पण त्याचा त्यांच्यावर काय परिणाम झाला देव जाणे. ज्या परीक्षेसाठी स्वामींना खोली सोडावी लागते ती परीक्षा खरीच असणार, हे त्यांना बहुतेक तिथे पटलं. त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. पहिला अर्धा तास काही नाही. मग बेल वाजली. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या असाव्यात.

"हळू बोला!" सासूबाई जिन्यात तीन मजले ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमच्या सूनबाईची परीक्षा चालू आहे! एमबीएची!"

'आवाज आढळला. वॉर्निंग दोन.'

"आजी, तू ओरडू नको ना!" चिरंजीव आतून ओरडले.

'वॉर्निंग तीन.'

उठून सांगायला जाणं म्हणजे चौथी. मी मान, नजर, ओठ काहीही न हलवता पुढचा प्रश्न वाचायला घेतला. बाहेर सासूबाईंनी खिडकी उघडल्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावर कुणीतरी ड्रिल मशीन सुरू केलं होतं.