खुलासा: माकडानं उष्टावलेल्या केळीनं एड्स होत नाही
"माकडानं उष्टावलेलं केळं खाऊ नका, एड्स माकडांपासूनच आला," असा मेसेज यावल-रावेरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धं खरं आहे, म्हणून लगेच पटतं. एड्स ज्या विषाणूमुळे होतो त्या एचआयव्हीचे दोन प्रकार: एचआयव्ही-१ चा जगभर पसरलेला गट आग्नेय कॅमेरूनमधल्या चिंपांझींकडून आला (चिंपांझी तर माकडही नव्हे, बिनशेपटीचा कपी), एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे माकडांकडून. शिकार सोलता-कापताना हाताच्या जखमेत रक्त गेलं असावं. १९२० च्या आसपास एचआयव्ही-१ चा हा गट आजच्या किन्शासात (काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी) पसरू लागला, माणसाकडून माणसाला. आपल्या सातपुड्यातल्या वानर-माकडांत एचआयव्हीचा पूर्वज विषाणू नाहीच. माकड चावलं तर मात्र जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच सरकारी दवाखाना गाठा.