हरकत घ्यायची तरी कशावर?

बांधकाम नियमावलीत फेरबदल करायचा असला, अगदी इमारतींवर मोबाइलचे अँटेना बसवण्याबाबतचा का असेना, की दर वेळी तीच तऱ्हा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार हरकती व सूचनांसाठी नागरिकांना जेमतेम महिना मिळतो आणि जाहीर सूचनेत छापलेले असते ते एवढेच, की अमुक विनियमाच्या तमुक उपखंडातील मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करावा. मूळ मजकूर शेजारी नाही, इमारतीच्या दर्शनी भागावर नेमके काय चढणार याचे साधे रेखाचित्रही नाही. मग सामान्य रहिवाशाने हरकत घ्यायची तरी कशावर?

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेच्या आर्ट डेको या वास्तुशैलीतील इमारती २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. त्यांची सारी शोभा गोलाईदार सज्जांत आणि आडव्या पट्ट्यांत आहे. अशा कठड्याला लोखंडी चौकट ठोकून अँटेना बसवला आणि काळ्या केबलींचा जुडगा खिडक्यांवरून खाली सोडला, तर ती शोभा उरेल का? मोबाइलला रेंज हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण अँटेना गच्चीवर मागे सरकवता येतो, केबली डक्टमधून, म्हणजे बंद नळीतून, नेता येतात. मोबाइल अँटेनाच्या किरणोत्सर्गाची मर्यादा भारताने २०१२ मध्येच आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांशावर आणली, तरी सोसायटीच्या बैठकीत वाद रंगतो तो त्यावरच, आणि दर्शनी भागाचा विषय कुणी काढतच नाही, याचा मनस्वी संताप येतो. जुना व नवा मजकूर समोरासमोर, रेखाचित्रासह छापायला अडचण तरी कसली आहे?