'रोज सहाला मैदानात असतंय'

आज शाहू स्टेडियमवरचा सामना मी घरी बसून मोबाइलवर पाहिला आणि तेव्हा जे डोके फिरले, ते रात्रीचे अकरा वाजले तरी ठिकाणावर आलेले नाही. उत्तरार्धात एका अठरा-एकोणीस वर्षांच्या गोलरक्षकाच्या हातून सरपटत आलेला साधा चेंडू निसटला आणि दोन्ही पायांमधून जाळ्यात गेला. फुटबॉलमध्ये असे होते, यापुढेही होईल. परंतु समालोचनाला बसलेला तरुण माइकवर खदाखदा हसला, 'ह्याला कुणीतरी घरी सोडून या रे' असे म्हणाला, आणि पुढची पाच मिनिटे चेंडू कुठेही असला तरी त्याची जीभ त्या गोलावरच घुटमळत राहिली. सामना संपण्याआधीच तो तुकडा, त्या हसण्यासकट, पेठापेठांतल्या ग्रुपवर फिरू लागला होता.

याच मैदानावर सामन्यापूर्वी आमच्या दिवंगत समालोचक सरांसाठी मिनिटभर स्तब्धता पाळली गेली होती. (तेही मिनिट पुरते झाले नाही. गॅलरीतून पिपाणी वाजलीच.)

सर म्हणजे कोण, हे कोल्हापुरात केबलवर फुटबॉल पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या काळी प्रक्षेपणाला बहुधा एकच कॅमेरा असे, आणि वळवाची एक सर पडून गेली की चिखलाने माखलेल्या पाठींवरचे क्रमांक शेवटी शेवटी दिसेनासे होत. अशा वेळी सर खेळाडूला धावण्यावरून ओळखत. कोण डावा खांदा पाडून पळतो, कोण चेंडू घेण्याआधी एकदा मागे वळून पाहतो, हे त्यांना पाठ होते. माझे वडील आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे क्रिकेटचे समालोचन ऐकत मोठे झाले. त्यामुळे सर मध्येच गप्प होतात, याचा त्यांना सुरुवातीला राग यायचा. रेडिओवर सगळे सांगावेच लागते, पण पडद्यावर जे दिसते आहे ते पुन्हा सांगायचे नसते, हे त्यांना पुढे सरांचे सामने पाहून पाहूनच पटले.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण आज दिवसभर तीच डोक्यात आहे. वीसेक वर्षांपूर्वी मीसुद्धा गोलरक्षक होतो. मे महिन्यातला सामना, नुकताच पडून गेलेला पाऊस, आणि तसाच दोन पायांमधून गेलेला चेंडू. आम्ही एका गोलने हरलो. घरी टीव्हीसमोर वडील, काका, शेजारचे चार जण आणि फुटबॉलमधले ओ की ठो न कळणारी आज्जी असे सगळे बसले होते. गोल झाल्यावर सर काही क्षण काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "चेंडू ओला होता. पोरगं रोज सकाळी सहाला मैदानात असतंय, हे मी सांगतो तुम्हाला." एवढेच बोलून ते पुढच्या खेळाकडे वळले.

मी अंधार पडल्यावर मागल्या दाराने घरात शिरलो. वडिलांनी तोंड उघडले होते, पण आज्जी मध्ये पडली. "मास्तर काय म्हणालं ऐकलास न्हवं? रोज सहाला असतंय म्हणालं. त्याला जेवू दे आधी." त्या रात्रीचा तांबडा रस्सा मला अजून आठवतो, कारण मी तो खाली मान घालून, एक शब्दही न बोलता प्यालो.

गाव कसे आहे, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. तालमीच्या ईर्षेपायी इथे डोकी फुटली आहेत. टीव्हीवरून एक वाकडा शब्द गेला तर तासाभरात चौकात गर्दी जमेल, अशा गावात या माणसाने वर्षानुवर्षे समालोचन केले आणि त्यांच्या तोंडून एकदाही 'आपला संघ' असा शब्द निघाला नाही. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानात आजही पडलेल्या मल्लाच्या हातावर इनाम ठेवून त्याला पाठवतात. ती रीत ज्या गावाची, त्याच गावात आज एका पोराला माइकवरून घरी पाठवले जाते, आणि आपण सगळे ते ऐकून हसतो!

मान्य आहे, शेवटच्या दोन-तीन हंगामांत सर नावे विसरत होते आणि एकदा तर त्यांनी काकाचा गोल पुतण्याच्या नावावर लावला होता. हेही मान्य आहे की आजच्या मुलांना खेळाचे तंत्र आणि आकडे सरांपेक्षा जास्त कळतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून कोल्हापूरचे फुटबॉल मोठे झाले, मग बोलणेही चटपटीत हवे, असे मला एकाने ऐकवले. असेल. चटपटीत बोलायला माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितली नव्हती. मी रोज सहाला मैदानात नसायचो. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा जायचो, बाकीचे दिवस पांघरूण ओढून झोपायचो. परंतु सरांनी साऱ्या कोल्हापुरासमोर ते सांगून ठेवल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून आज्जी पाचलाच उठवू लागली आणि पुढची चार वर्षे माझी सुटका झाली नाही. बऱ्याच वर्षांनी रंकाळ्यावर सर भेटले, तेव्हा धीर करून विचारले की सर, तुम्ही मला सकाळी कधी पाहिले होते? ते म्हणाले, "मी कशाला बघतोय? मी सातला उठतो." आणि पुढे चालू लागले.

समालोचकाने खोटे बोलू नये, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडा.

हे लिहिता लिहिता राग बराच उतरला होता, पण मध्येच मोबाइल पाहिला तर आमच्या घरच्या ग्रुपवरही तोच तुकडा आलेला, आणि तो पाठवणारा माझा सख्खा पुतण्या. त्याच्या खोलीत जाऊन विचारले, तर म्हणतो, "काका, सगळ्यांनीच टाकलाय." मी म्हटले, आधी काढ. त्याने काढला. मग जरा वेळाने त्यानेच सांगितले की तो गोलरक्षक त्याच्याच वर्गातला आहे आणि सामना संपल्यापासून त्याचा फोन बंद आहे.

उद्या सकाळी सहाला आम्ही दोघे मैदानावर जाणार आहोत. तो पोरगा तिथे असतो की नाही, मला माहीत नाही.