१८ रुपये

३१ मार्चच्या दुपारी आमच्या बँकेच्या शाखेत हिशोबात फरक निघाला तो १८ रुपयांचा. १८ लाखांचा असता तर वरून साहेब धावले असते, पोलीस आले असते, निदान कुणीतरी सगळ्यांना चहा सांगितला असता. १८ रुपयांसाठी कुणी येत नाही. ते आपले आपणच शोधायचे, रात्री अकरापर्यंत.

"मॅडम, मी खिशातून टाकू का?" नवा पोरगा म्हणाला. लहान आहे. खिशातून बुजवलेला फरक पुढे ऑडिटरच्या पुढ्यात उगवतो, हे कळायला दोन मार्च जावे लागतात. माझे २२ गेलेत.

गेल्या वर्षीच्या मार्चनंतर मात्र बीपीनेच टॅली लागू दिली नाही. डॉक्टर म्हणाले, "ताण घेऊ नका." जणू तो मी रोज पिशवी घेऊन मंडईतून आणते! आठ दिवस घरी पडून होते, तेव्हा कपाटातून शेरलॉक होम्सचे मराठी अनुवाद काढले. लहानपणी वाचताना चोर कोण याची उत्सुकता असायची. या वेळी माझं लक्ष होम्सच्या ड्यूटीवर.

१८८७ साली हा गृहस्थ दोन महिने एका प्रकरणामागे होता. रोजचे किमान १५ तास! मध्येच सलग पाच-पाच दिवस. गुन्हेगार हरला, युरोपभर नाव झालं, खोलीत अभिनंदनाच्या तारांचा घोट्यापर्यंत खच. आणि साहेब अंथरुणात, काळवंडलेल्या मनाने. आमच्याकडे घोट्यापर्यंत व्हाउचरं असतात. बाकी लक्षणं तीच.

वॉटसनने त्याला हवापालटाला सरे परगण्यात नेलं, तर तिथे शेजारी घरफोडी झालेली. दहा वर्षांनी डॉक्टरांनी दम देऊन कॉर्नवॉलला धाडलं, तर तिथे एक बाई मेलेली आणि तिचे दोन भाऊ वेडे झालेले. आम्ही दापोलीला गेलो होतो तेव्हा स्ट्राँगरूमच्या किल्लीसाठी सात फोन आले होते, त्याचं मग फार वाईट वाटेना.

पण लाल केसवाल्यांची गोष्ट वाचली आणि भडकलेच. दुकानातल्या नोकराच्या पँटचे मळके गुडघे बघून होम्सने ताडलंय की तळघरातून बँकेपर्यंत भुयार खणलंय. बँकेत ३०,००० सोन्याची नाणी. दरोडा आज रात्री. आणि हा दुपारी सँडविच-कॉफी घेऊन सारासातेचं व्हायोलिन ऐकायला जातो! तालावर बोटं हलवत बसतो! अहो, आमच्या जमिनीला भोक पडतंय!

राग ओसरल्यावर लक्षात आलं, चोर रात्रीच येणार होते. बघायचं ते सकाळी बघून झालं होतं. होम्सने दुपारभर येरझाऱ्या घातल्या असत्या म्हणून काही ते चार वाजता येणार नव्हते.

म्हणून यंदा मी ठरवलं, आपणही तसंच करायचं. फरकाला नऊने भाग जातो का पाहिलं. जातो. म्हणजे बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल, ३५ च्या जागी ५३ असलं काहीतरी. पोराला सांगितलं, "उलटे आकडे शोध. मी अर्ध्या तासात आले." कॅशियरताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मांडवातून नवरदेव सोडून निघालेय.

समोरच्या रसवंतीत बसले. आलं-लिंबू घातलेला ग्लास, बर्फ कमी. चरकाला बांधलेली घुंगरं छुमछुम वाजत होती. आमचा सारासाते तोच. मी बोटंही हलवून पाहिली. रसवाल्याला वाटलं आणखी एक ग्लास हवाय, त्याने दिला. तो प्यायले. पर्समध्ये फोन सहा वेळा थरथरला. पहिल्यांदा छातीत धडधडलं, तिसऱ्यांदा कमी, सहाव्यांदा मी उसाच्या चोयट्या बघत होते.

परत आले तर शाखेत सन्नाटा. पोरगा पांढराफटक.

"मॅडम, सापडला होता फरक. मी दुरुस्त पण केला."

"मग?"

"आता ३६ चा झालाय."

जमेला टाकायचे ते पोराने नावे टाकले होते. मी खुर्चीत बसले, चष्मा पुसला. २२ वर्षांत पहिल्यांदाच मला मार्च एंडला हसू आलं; ते काही केल्या थांबेना. मग कॅशियरताईही हसल्या, आणि शेवटी पोरगाही, रडवेला.

"मामा," मी शिपाईमामांना हाक मारली, "रसवंती बंद व्हायच्या आत चार ग्लास सांगा. या पोराच्या ग्लासात आलं जास्त."