“अपाय शून्य” म्हणे!

परवा घरच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरला: “अँटिबायोटिक सुरू झालं की मुलांना जुलाब होतातच. दवाखान्यात भरती असलेल्या प्रत्येक मुलाला प्रोबायोटिकची पुडी द्या. दह्यासारखीच असते, अपाय शून्य. जुलाब लागलेच तर अँटिबायोटिक बंद करा.” एरवी सोडून दिलं असतं. पण माझी मावसबहीण सध्या एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून आहे. एकतिसाव्या आठवड्यात झालेलं बाळ आत काचेच्या पेटीत आहे आणि तिच्या सासूबाईंनी मेसेज वाचून मेडिकलमधून पुड्या आणल्याही होत्या. काढलेल्या दुधात कालवून द्यायच्या, एवढंच बाकी होतं.

म्हणून आधी “अपाय शून्य”. पुडीत जिवंत जंतू असतात. धडधाकट मुलाचं आतडं त्यांना आत अडवून धरतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं कच्चं असतं, जंतू रक्तात उतरू शकतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकांनी, डॉक्टरांना याबद्दल इशारा दिला, कारण दवाखान्यात प्रोबायोटिक दिलेलं अपुऱ्या दिवसांचं एक बाळ त्याच जंतूच्या रक्तसंसर्गाने दगावलं होतं. काही पुड्यांत असते ती सॅकरोमायसिस बोलार्डी ही तर यीस्ट, म्हणजे बुरशीच. मोठ्या शिरेत नळी असलेल्या, अतिगंभीर किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना ती द्यायचीच नाही, असं युरोपच्या औषध नियामकांनी बजावलंय. तिची पुडी नुसती खाटेजवळ फोडली तरी भुकटी हाताला लागून नळीपर्यंत पोचू शकते. आणि आपण ती नर्सच्या नकळत दुधात मिसळणार?

दह्याशी तुलना तर करूच नका. घरच्या विरजणात कोणते जंतू किती, हे कुणी मोजलेलं नसतं.

आता जे खरं आहे ते मान्य करते, नाइलाजाने का होईना. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, ३३ चाचण्या आणि सहा हजारांवर मुलं होती. प्रोबायोटिक न घेतलेल्या शंभरातल्या १९ मुलांना जुलाब झाले, घेतलेल्यांपैकी ८ जणांना. फायदा आहेच. पण “होतातच” कुठे? शंभरातल्या ८१ जणांना पुडीशिवायही काही झालं नाही. शिवाय हा फायदा मुख्यत्वे लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस हा जंतू आणि बोलार्डी यांचा, तोही दिवसाला ५ अब्ज किंवा त्याहून जास्त जंतूंच्या मात्रेत. दुकानदार देईल त्या पुडीचा नव्हे. अतिशय आजारी मुलांना मात्र जपून, असं त्याच आढाव्यात लिहिलंय. तेवढंच वाक्य मेसेजमधून गळलं.

अँटिबायोटिक स्वतःहून बंद करणं? न्यूमोनियाचं किंवा रक्तातल्या संसर्गाचं औषध दोन पातळ शीसाठी थांबवायचं नसतं. डॉक्टरांना सांगा. घरी असलेल्या मुलाला ओआरएस द्या, लघवी कमी झाली किंवा शीतून रक्त गेलं तर लगेच दाखवा.

सासूबाईंच्या पुड्या मी मागून घेतल्या. बाळाच्या डॉक्टरांना दाखवल्या. त्यांनी पाकीट उलटून बघितलं आणि म्हणाले, “या बाळाला नको.”